मराठी बायबलचा शब्दाभ्यास आणि संगणक : ‘शेजारी’ या शब्दाच्या निमित्ताने

१

बायबलच्या मराठी अनुवादांचा इतिहास हा आधुनिक मराठी गद्याच्या इतिहासाचाही एक भाग आहे. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये छापले गेले आणि १८११ मध्ये नवा करार मोडी लिपीत प्रसिद्ध झाला. मुंबईतील अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचा आपला अनुवाद पूर्ण केला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून केलेला अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्णरूपाने बाहेर पडला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रकाशित झाले. त्या वेळी त्यांची वसई ठाणे जिल्ह्यातच होती.

ठाणे आणि कल्याण ही नावेही ख्रिस्ती इतिहासाला अपरिचित नाहीत. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लिआना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे आणि अनेक अभ्यासक हे स्थळ म्हणजे कल्याण असे मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकांचा वध झाला, हेही सुविदित आहे. तरीही या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला बायबलच्या मूळ संहितांपर्यंत पोहोचणे दीर्घकाळ दुष्कर होते. आज परिस्थिती पालटली आहे. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनाइटिकस’ हे हस्तलिखित लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग व सिनाई या चार ठिकाणी विभागलेले आहे. त्याची पाने २००९ पासून इंटरनेटवर एकत्र पाहता येतात. मृतसमुद्राच्या गुंडाळ्यांची छायाचित्रे २०१२ पासून अशीच खुली झाली. डोंबिवलीतील विद्यार्थी आपल्या घरी बसून ती पाहू शकतो.

साधने हाती आली, परंतु त्यांतून मिळणारे उत्तर पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका शब्दाच्या आधारे करावयाचा आहे.

२

बायबलच्या अभ्यासात संगणकाचा प्रवेश झाला तो शब्दसूचीच्या मार्गाने. कोणता शब्द कोठे, कोणत्या संदर्भात आला याची सूची हाताने करण्यात पूर्वी विद्वानांची आयुष्ये खर्ची पडत. ज्ञानेश्वरीच्या शब्दसूचींशी परिचय असणाऱ्या मराठी अभ्यासकाला हे वेगळे सांगावयास नको. रोबेर्तो बुसा या जेझुइट विद्वानाने १९४९ च्या सुमारास थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांची यांत्रिक सूची करण्यास आरंभ केला. जॉन एलिसन यांनी १९५७ मध्ये एका इंग्रजी बायबलची शब्दसूची युनिव्हॅक संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केली.

१९९१ मधील घटना याहून लक्षणीय आहे. मृतसमुद्राच्या काही गुंडाळ्या तोपर्यंत अप्रकाशित होत्या. संपादकांनी आपल्या उपयोगासाठी त्यांची एक शब्दसूची मात्र केलेली होती. बेन झिऑन वाखोल्डर आणि मार्टिन ॲबेग यांनी त्या सूचीतील नोंदी संगणकाने पुन्हा क्रमाने जुळवून मूळ संहिता उभी केली. शब्दसूचीवरून ग्रंथ परत मिळवता आला, कारण सूचीतील प्रत्येक नोंद हस्तलिखित वाचू शकणाऱ्या माणसाने तपासून लिहिलेली होती. संगणकाने जुळणी केली, परंतु त्या जुळणीची विश्वसनीयता सूचीकारांच्या परिश्रमातून आली होती.

३

आता मराठीकडे वळू. लूककृत शुभवर्तमानात ‘शेजारी’ ही कल्पना कशी येते, असा विषय एखाद्या विद्यार्थ्याने घेतला असे समजू. तो इंटरनेटवरील मराठी बायबल उघडून ‘शेजारी’ ही अक्षरे शोधतो. अक्षरशः जुळणी करणारा शोध असेल, तर दहाव्या अध्यायातील एकोणतिसाव्या ओवीत शास्त्र्याने विचारलेला प्रश्न त्याला सापडेल. मात्र ज्या आज्ञेवरून तो प्रश्न उद्भवला ती सत्ताविसावी ओवी सापडणार नाही. कारण आज्ञेत हा शब्द विभक्तीसह येतो आणि मराठीच्या नियमाप्रमाणे त्याचे सामान्यरूप ‘शेजाऱ्या-’ असे होते. प्रश्न हाती लागला आणि आज्ञा निसटली, अशी ही अवस्था आहे.

विद्यार्थ्याने मग ‘शेजाऱ्या’ असा शोध घेतला तरी अडचण संपत नाही. या रूपातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडता येतो किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द आहेत. टंकलेखकाने एक रीत वापरली असेल आणि शोधणाऱ्याने दुसरी, तर उत्तर शून्य येते. ‘शेजा’ एवढाच अंश शोधला तर दोन्ही रूपे, तसेच ‘शेजारीण’ व तिची रूपेही सापडतात. नको असलेल्या काही नोंदी येतील, त्या हाताने गाळाव्या लागतील. तथापि, अधिक सापडून गाळणे हे न सापडण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

जुन्या आवृत्त्यांच्या बाबतीत शुद्धलेखनाचाही प्रश्न येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांत ‘प्रीति’, ‘शांति’, ‘मुक्ति’ अशी ऱ्हस्वान्त रूपे आढळतात, तर आज आपण ती दीर्घान्त लिहितो. शिवाय ‘प्रीतीनें’ यासारखे व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार आहेतच. आजच्या लेखनाने जुनी संहिता शोधणारा अभ्यासक ‘प्रीती’ हा शब्द तीत दुर्मिळ आहे असा निष्कर्ष काढू शकेल आणि तो सर्वस्वी चुकीचा असेल. मोडीतील १८११ च्या नव्या कराराची गोष्ट तर आणखी निराळी. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, परंतु लिपीला संकेत मिळाला म्हणून छापील मोडी पाने आपोआप शोधण्याजोगी होत नाहीत. ती कोणीतरी वाचून उतरवावीच लागतात.

४

या सर्व अडचणी पार करून विद्यार्थ्याने लूकमधील ‘शेजारी’च्या सर्व नोंदी जमवल्या असे मानू. पहिल्या अध्यायात अलीशिबेचे शेजारी येतात, दहाव्यात आज्ञा व चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत, चौदाव्यात श्रीमंत शेजारी आणि पंधराव्यात हरवलेले मेंढरू सापडल्यावर बोलावलेले शेजारी. रूढ मराठी अनुवादांत या सर्व ठिकाणी सामान्यतः एकच शब्द येतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र तीन भिन्न शब्द आहेत. पहिल्या अध्यायात ‘पेरिओइकोस’, म्हणजे आसपास राहणारा. चौदाव्या व पंधराव्यात ‘गेइतोन’, म्हणजे घराशेजारचा. आणि दहाव्यात ‘प्लेसिऑन’, म्हणजे शब्दशः जवळचा.

दहाव्या अध्यायातील आज्ञा लेवीय १९:१८ मधून घेतलेली आहे. तेथील हिब्रू शब्द ‘रेआ’ हा सोबती, बांधव, मित्र अशा नात्याचा वाचक आहे. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात तोच शब्द मित्र या अर्थाने येतो. घराशेजारी राहणाऱ्यासाठी हिब्रूत ‘शाखेन’ हा वेगळा शब्द आहे आणि तो निर्गम १२:४ मध्ये आढळतो. ग्रीक अनुवादकांनी ‘रेआ’साठी ‘प्लेसिऑन’ योजला तेव्हा नात्याच्या शब्दाला जवळिकीची छटा आली. मराठीत ‘शेजारी’ आला तेव्हा ती जवळीक घराच्या भिंतीला जाऊन भिडली.

याचा अर्थ मराठी अनुवाद सदोष आहे असा नव्हे. ‘शेजारी कोण?’ या प्रश्नाला मराठी वाचकाच्या मनात जे साधे उत्तर तयार असते, त्याला शोमरोन्याच्या दृष्टांताने धक्का बसतो. शोमरोनी हा घराशेजारचा नव्हता आणि जातीचाही नव्हता. दृष्टांताच्या शेवटी येशू शास्त्र्याचा प्रश्न फिरवतो. शेजारी कोण, याऐवजी शेजारी कोण ठरला, असे तो विचारतो. मराठी शब्दाने येथे वेगळा परिणाम साधला आहे. परंतु हे म्हणण्यासाठी तीन ग्रीक व दोन हिब्रू शब्द समोर असावे लागतात. शिवाय लेवीय १९:३४ मध्ये परदेशीयावरही स्वतःसारखीच प्रीती करण्याची आज्ञा आहे. ती ‘शेजारी’ या शब्दाच्या कोणत्याही शोधात येणार नाही, कारण तेथे तो शब्दच नाही. अर्थाच्या दृष्टीने मात्र दृष्टांताला सर्वांत जवळचे वचन तेच आहे.

५

या विवेचनावरून प्रबंधलेखनासाठी काही पथ्ये सुचवता येतील. प्रथम, वापरलेली संहिता कोणत्या अनुवादाची व कोणत्या आवृत्तीची हे स्पष्ट नोंदवावे. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ आणि सुलभ वाचनासाठी केलेली ‘ईझी-टू-रीड’ आवृत्ती यांची भाषादृष्टी भिन्न आहे. केवळ ‘मराठी बायबल’ असा निर्देश निरुपयोगी होय. दुसरे, शोधलेली अक्षरे जशीच्या तशी परिशिष्टात द्यावीत, म्हणजे दुसऱ्यास तोच शोध पुन्हा घेता येईल. तिसरे, मूळ शब्द व सामान्यरूप, जुने व नवे लेखन यांचा स्वतंत्र शोध घ्यावा. चौथे, छापील पानाच्या छायाचित्रावरून संगणकाने अक्षरे ओळखून तयार केलेली संहिता उद्धृत करण्यापूर्वी त्या छायाचित्राशी ताडून पाहावी. पाचवे, मराठी शब्दापाशी न थांबता प्रत्येक नोंदीमागील ग्रीक वा हिब्रू शब्द पाहावा. त्या भाषा येत नसल्या तरी शब्दशः जुळवलेल्या संहिता व कोश आता सहज उपलब्ध आहेत.

सर्वांत जपून करावयाचे विधान म्हणजे ‘हा शब्द या अनुवादात आढळत नाही’ हे. हाताने सूची करणारा अभ्यासक असे लिही, तेव्हा त्याने ग्रंथ पानोपान वाचलेला असे. आज तेच वाक्य एका क्षणाच्या शोधावर लिहिता येते आणि परीक्षकाला दोहोंतील अंतर दिसतेच असे नाही. एका प्रबंधातील असे विधान पुढच्या प्रबंधात आधार म्हणून येते आणि कॅरी किंवा रमाबाई यांच्या भाषेविषयीचा गैरसमज इतिहास म्हणून रूढ होतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ज्या परिसरात ग्रंथसंग्रहाची इतकी जुनी परंपरा आहे, तेथील विद्यार्थ्याने पडद्यावरील शून्य हे उत्तर न मानता पुस्तक उघडण्याची सूचना मानावी, एवढीच अपेक्षा.