बार्बाडोसचा सूर्यास्त : किनारा फुकट, खर्च वाटेचा

जून 2024 मध्ये ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि बार्बाडोस आपल्या घराघरांत पोचलं. त्या मैदानापासून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला गेलं की स्पाइट्सटाऊन लागतं. त्याच्याही पुढे हेवूड्स बीच आहे. इथे वर्दळ कमी, खडकांच्या आडोशाला पाणी शांत आणि सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो. बसायला पैसे पडत नाहीत. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, बड्या हॉटेलांसमोरचेसुद्धा.

खरा खर्च पोचण्याचा. मुंबईहून थेट विमान नाही. जाऊन-येऊन माणशी दीड लाख तरी धरा, डिसेंबर ते एप्रिलच्या हंगामात त्याहून जास्त. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण वाटेतल्या देशाचा लागू शकतो, आणि इथेच अनेकांचं गणित चुकतं. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवाच. लंडनमार्गे जाताना बहुतेकांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर विमानतळाबाहेर पडण्याचा वेगळा. हे तपासल्याशिवाय तिकीट काढूच नका. जोडीला त्रिनिदाद करणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

स्पाइट्सटाऊनजवळ साध्या खोलीला रात्रीचे शंभर अमेरिकी डॉलर धरून चाला. बुकिंग करताना कर आणि सेवाशुल्क धरून एकूण किती, हे विचारा.

तिथे दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, आणि दुकानांत दोन्ही चालतात. त्यामुळे कोणी “चाळीस डॉलर” म्हटलं की कुठले, ते आधी विचारा. रक्कम थेट दुप्पट होते. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून भाडं बसण्यापूर्वीच ठरवा. बस मात्र साडेतीन बार्बाडोस डॉलरमध्ये, म्हणजे सुमारे दीडशे रुपयांत, कुठेही नेते. सरकारी निळ्या बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत; नेमके साडेतीन हातात ठेवा. ब्रिजटाऊन–स्पाइट्सटाऊन बस किनाऱ्याकिनाऱ्याने जाते आणि हेवूड्स तिथून चालत गाठता येतो.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका. शाकाहारी असाल तर भात-कडधान्याच्या ‘राइस अँड पीज’मध्ये खारवलेलं मांस आहे का, हे विचारूनच घ्या. मॅकरोनी पाय आणि ब्रेडफ्रूट पोटभरीचे.

सूर्यास्त ऋतूप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान होतो आणि लगेच अंधार पडतो, म्हणून परतीची बस आधीच पाहून ठेवा. किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर ते मँचिनील. त्याचं छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ विषारी असतं आणि पावसात खाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या चिकाने कातडी भाजते. लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा, मुलांचेसुद्धा. तिथे ते घालणं बेकायदा आहे.