परवान्यावरचे नाव

‘परवाना’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. दिव्याभोवती फिरणारा शायरीतला परवाना वेगळा. मराठीत परवाना म्हणजे लेखी परवानगी. वाहन चालविण्याच्या परवान्याला सरकारी कागदांत ‘अनुज्ञप्ती’ असे जड नाव आहे. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर मात्र सगळे त्याला ‘लायसन’ म्हणतात.

लायसन हे एक लहानसे कार्ड असते. त्यावरचे बहुतेक शब्द इंग्रजी. घरात कोणाकडे असेल तर मागून घ्या आणि वाचून पाहा. प्रथम क्रमांक दिसेल. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढे १९ असेल तर परवाना जळगावच्या परिवहन कार्यालयाचा, १८ असेल तर धुळ्याचा. नंतर चार अंकी वर्ष आणि सात अंकी क्रमांक येतो. ‘डेट ऑफ इश्यू’ म्हणजे परवाना दिल्याची तारीख. ‘व्हॅलिडिटी’ म्हणजे मुदत. ‘सन ऑफ’, ‘डॉटर ऑफ’ यांच्यापुढे वडिलांचे नाव असते. जुन्या दस्तऐवजांत ‘वल्द’ लिहीत, तसेच हे. ‘ब्लड ग्रुप’ म्हणजे रक्तगट. ‘एलएमव्ही’ ही अक्षरे कार, जीप अशा हलक्या वाहनांसाठी आहेत आणि ‘एमसीडब्ल्यूजी’ गिअरच्या मोटारसायकलसाठी. ज्याच्या परवान्यावर केवळ मोटारसायकलची अक्षरे आहेत, त्याने कार चालविली तर तो गुन्हा ठरतो.

खरी अडचण येते ती नावाची. अर्जात ‘फर्स्ट नेम’, ‘मिडल नेम’ आणि ‘सरनेम’ असे तीन रकाने असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आपल्याकडे अनेक घरांत आधी ‘शेख’, मग स्वतःचे नाव, पुन्हा ‘शेख’ आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याची रीत आहे. अशा वेळी एका कागदावर ‘शेख’ हे पहिले नाव होते, तर दुसऱ्यावर आडनाव. स्पेलिंगचेही तसेच. ‘शकील’ कोणी दोन ‘ई’ घालून लिहितो, कोणी एका ‘आय’ने. ‘मोहम्मद’चे तर कधी नुसते ‘एमडी’ होते. उर्दूत नाव एकच राहते, इंग्रजीत त्याची तीन होतात! पूर्वी कारकून दोन्ही कागद पाहून समजून घेत असे. संगणक समजून घेत नाही. तो अक्षराला अक्षर लावून पाहतो.

देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले. (हा जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता.) आधारवर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिपींत असते. ते आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून शाळेच्या दाखल्यावर तुमचे नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे, ते दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. परवान्यासाठी वयाचा पुरावा म्हणूनही हाच दाखला चालतो.

कार किंवा गिअरची मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आधी शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने असते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते.

स्वाध्याय
१. ‘परवाना’, ‘मुदत’, ‘तारीख’ यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांतील आणखी पाच शब्द लिहा.
२. शाळेचा दाखला व आधार कार्ड यांवरील आपले नाव वहीत उतरवून घ्या. कोणते अक्षर वेगळे आहे?