गल्लीतला 'कोहिनूर'

रॅपचा अल्बम 'श्रीमंत' वाटतो म्हणजे नेमकं काय? अंधेरीच्या डिव्हाइनचा, म्हणजे विवियन फर्नांडिसचा, 'कोहिनूर' (२०१९) हेडफोन लावून ऐका. २०१५ मध्ये नेझीसोबतच्या 'मेरे गली में'ने त्याचं नाव झालं. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नास या रॅपरची मास अपील कंपनी भारतात उतरली. 'कोहिनूर' तिनेच काढला.

पैसा आला की आवाजाचे थर वाढतात. बास, कोरस, तालवाद्य सगळं वेगवेगळं रेकॉर्ड होतं, मिक्सिंगला निवांत वेळ मिळतो. (कान्ये वेस्टने तर २०१० च्या अल्बमसाठी हवाई बेटांवर स्टुडिओ घेऊन कलाकारांची जत्राच भरवली होती!) डिव्हाइनची बोली मात्र गल्लीतलीच राहिली. सुरुवातीला हा गडी इंग्रजीत रॅप करायचा, हे विशेष. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना इंग्रजीशिवाय रॅप म्हणजे बिनमिठाची भाजी वाटायची; मला त्याची खरी कमाई ही बोलीच वाटते.

आता अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीतही रॅप करतो. नाव लिहितो '१००आरबीएच'. शंभरला हिंदीत सौ म्हणा, की झालं सौरभ! अमरावती देवळीहून कितीशी लांब? आपल्या गॅदरिंगला मात्र अजून एमिनेमचीच नक्कल चालते.