खिशातली वाटी, आकाशातलं घंगाळ

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की फोन सुरू होतात. "कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं हो, ईएनटीसी मिळालंय. आता?" आवाज असा, की पोरगं नापासच झालंय. (ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. मुंबईत याच शाखेला एक्सटीसी म्हणतात, दुःख तेवढंच.) अशा पालकांना मी हल्ली उलट विचारतो: गच्चीवरच्या स्टारलिंकच्या डिशवर सिनेमा दिसतो, मग तोच वेग थेट उपग्रहावरून तुमच्या खिशातल्या फोनला का मिळत नाही?

"त्याचं सॉफ्टवेअर यायचं असेल," असं उत्तर येतं. अडचण सॉफ्टवेअरची नाही, अँटेनाची आहे.

भर पावसात अंगणात वाटी ठेवा आणि शेजारी घंगाळ. तेवढ्याच वेळात कुठे किती पाणी जमेल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या लहरींचंही तेच. स्टारलिंकची छोटी डिशसुद्धा साधारण 30 बाय 26 सेंटिमीटरची असते. आत चिमुकल्या अँटेनांची फौज. त्यांच्या लहरी एकमेकींच्या किंचित मागेपुढे करून झोत वळवला जातो, डिश जागची हलत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर पळणारा उपग्रह असाच पकडून ठेवतात. पण त्यासाठी 25 ते 40 वॉट वीज लागते. फोनची 5,000 एमएएचची बॅटरी यावर तासभरही टिकणार नाही.

शिवाय फोन कधी खिशात, कधी कानाला, कधी उशीखाली. त्याला चहूकडे कान द्यावा लागतो, आणि चहूकडे कान देणाऱ्याला एका दिशेचं बारीक ऐकू येत नाही. बोलायला ताकद तरी किती? जेमतेम 0.2 वॉट.

म्हणून घंगाळ वर न्यावं लागलं. 2022 मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर 3 या उपग्रहाचा अँटेना 64 चौरस मीटरचा होता. डिसेंबर 2025 मध्ये आपल्या एलव्हीएम3 रॉकेटनं श्रीहरिकोट्याहून नेलेल्या ब्लूबर्ड उपग्रहाचा 223 चौरस मीटर, म्हणजे 2,400 चौरस फूट. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. एवढं करूनही एका झोताखाली कित्येक किलोमीटरचा परिसर येतो आणि वेग सगळ्यांत वाटला जातो.

हे गणित बसवणारी माणसं ईएनटीसीतून येतात. मात्र गोड बोलून फसवणार नाही. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या या मुलांनाही कोडिंगलाच घेतात. अँटेनाच्या नोकऱ्या मोजक्या, आणि त्यांना बहुधा गेट देऊन केलेलं एम.टेक. लागतं. मुलं ज्याला घाबरतात तो इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हाच इथला पाया. तो 'पास होण्यापुरता' केला तर या वाटेला जाऊ नये. ज्याला तो आवडला, त्याच्यासाठी अहमदाबादचं इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आहे, मायक्रोवेव्हवर काम करणारी पवईची 'समीर' ही संस्था आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. गिरीश कुमार यांची अँटेनावरची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत.

पण त्याआधी, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. आरपार आभाळ दिसतं. चाळणीसारख्या या घंगाळातून लहरी गळून कशा जात नाहीत, हे तुमच्या पोरानं आपणहून विचारलं, तर मला पुन्हा फोन करा.