गोव्याचे पर्यटन आणि दोन कायदे

पर्यटकाचा विश्वास हे पर्यटन व्यवसायाचे खरे भांडवल होय. त्याच्या रक्षणार्थ गोव्यात १९८२ साली पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियम झाला. हॉटेलमालक, प्रवासी एजंट व मार्गदर्शक यांना नोंदणी आवश्यक ठरल्याने फसवणुकीचा जाब कोणास विचारावा, हे निश्चित झाले. पुढे २००१ च्या अधिनियमाने पर्यटनस्थळांचे संरक्षण व देखभाल यांची तरतूद केली. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन अशा स्थळी उघड्यावर मद्यपान करणे व अन्न शिजविणे यांस मनाई झाली; त्या वेळी व्यक्तीस २,००० आणि समूहास १०,००० रुपये दंड ठरविण्यात आला.

पहिला कायदा व्यावसायिकास बांधतो, दुसरा पर्यटकासही. किनारा ही रापणकारांची कर्मभूमी आहे. फुटक्या बाटलीची काच त्यांच्याच अनवाणी पायांत रुतते. म्हणून या नियमांचे पालन म्हणजे पाहुण्याने राखलेली यजमानाची बूज होय.