सात वाजताचा भोंगा



सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी मुलांना दिलेले मोबाइल शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांच्या हातून सुटेनात. तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये ग्रामस्थांनी एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसत आणि मोठ्यांच्या मालिकाही थांबत.

या दीड तासाचे महत्त्व समजून घेऊ.

पहिला प्रश्न झोपेचा. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर झोपेची तयारी करते. पडद्याचा प्रकाश ही तयारी लांबवतो. त्यातून एकामागून एक येणाऱ्या रील मनाला जागेच ठेवतात. 13 ते 18 या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. साडेअकराला झोपून पाचला उठणाऱ्याला साडेपाचच तास मिळतात. दिवसभरात शिकलेले पक्के होते ते झोपेत, आणि वाढीचे संप्रेरक अधिक स्रवते तेही गाढ झोपेतच.

दुसरा प्रश्न डोळ्यांचा. तासन्‌तास जवळचे पाहणे आणि उन्हात कमी खेळणे यामुळे लघुदृष्टी वाढते, म्हणजे लांबचे अंधुक दिसते. सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने तरी हे लक्षात ठेवावे. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 6 मीटरवर नजर टाकावी आणि रोज मैदानावर जावे.

मोबाइल मात्र आपला शत्रू नव्हे. आपल्यापैकी कित्येकांचे बाबा दूरच्या चौकीवर आहेत. त्यांचा चेहरा याच पडद्यावर दिसतो. तो कॉल जरूर घ्यावा. कॉल संपल्यावर बोट आपसूक रीलकडे वळते, तिथे स्वतःला आवरावे.

जबलपूरच्या छावणीत वाढलेल्यांना बिगुलाचा अर्थ सांगावा लागत नाही. तो वाजला की अधिकारी आणि जवान दोघेही पाळतात. घरातही तसेच असावे. एक वेळ ठरवा, आई-बाबांनाही त्यात सामील करा आणि रात्री सगळ्यांचे मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. आजपासूनच सुरुवात करू या.