मूळ मार्कशीट देऊ नकोस

भुसावळ

चि. सोनूस,


काल रात्री वहिनीचा फोन आला. बुऱ्हाणपूरला शनवाऱ्याकडच्या नव्या दुकानात कॅशियरच्या जागेसाठी तुला मुलाखतीला बोलावलंय, हे ऐकून फार बरं वाटलं. पण तिथे मूळ मार्कशीट ठेवून घेतात म्हणे, आणि तू ती फाइलीत घालून तयारही आहेस! माझी झोपच उडाली. कुणाला विचारलंस? मूळ दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ घरी आणायची.

तुला इंग्रजीची धास्ती आहे, असंही वहिनी म्हणाली. अरे, बुऱ्हाणपूरच्या गल्ल्यावर इंग्रजी लागतं किती? दरगाह-ए-हकीमीला आलेले बोहरी गुजराती बोलतात, लूमवरचे कारागीर उर्दू, रावेरकडचे आपली मराठी. खकनारकडच्या लोकांची कोरकू सोडली तर तुला सगळं येतं. हे मुलाखतीत स्वतःहून सांग.

हिशेब विचारतीलच. 365 चं बिल, 500 ची नोट. वजाबाकी करत बसू नकोस, गिऱ्हाइकाच्या हातावर मोजत वर चढ: पाच दिले 370, तीस दिले 400, शंभर दिले 500. तोवर त्याची नोट गल्ल्यात टाकायची नाही, समोर ठेवायची. एकदा आत गेली की ती शंभराची होती का पाचशेची, कोण सांगणार? दहाचं नाणं घेशील का, हेही विचारतील. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय की तेव्हाची चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. तेव्हा 'घेईन' म्हणायचं.

आणि तूही एक विचार: गल्ल्यात तूट आली तर काय करता? नोकराच्या हलगर्जीने गेलेले पैसेच पगारातून कापता येतात, तेही आधी त्याचं म्हणणं ऐकून. 1936 च्या वेतन कायद्यापासूनचा नियम आहे हा. म्हणून कोऱ्या कागदावर सही नाही, आणि मार्कशीट तर नाहीच नाही.

एवढी का मागे लागलेय, सांगते. लग्नाआधी मी बुऱ्हाणपुरातच एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे, हे तुला माहीत आहे. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मालकाच्या कपाटात होतं. नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. आज देतो, उद्या देतो करत त्यांनी तारीख घालवली. घरात सगळ्यांना वाटलं, मीच कच खाल्ली. आबा ताप्ती मिलमधून दमून यायचे, त्यांना कुठे हे सांगायचं, म्हणून मी गप्प बसले. अजून हॉस्पिटलात पांढऱ्या कपड्यातली पोरगी दिसली की मी मान वळवते. तुझ्या बाबांनाही हे ठाऊक नाही. तूही बोलू नकोस.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी जत्रेत मावा जिलेबी घेतलीस की उरलेले पैसे मोजून माझ्या मुठीत ठेवायचास, एक रुपया कमी नाही. तुझ्या हातात कुणीही गल्ला द्यावा.

शर्टाला इस्त्री करून ठेव. बुटांचं वहिनी म्हणाली, पैसे तुझ्या खात्यावर टाकलेत, बाबांना सांगायची गरज नाही. सकाळी उपाशी जाऊ नकोस, निदान पोहे खा. आणि नाही मिळाली नोकरी तर सरळ स्टेशनवर जा, गाडीत बस आणि चार दिवस माझ्याकडे राहा.

तुझी,
आत्या